तोंड शिवलेल्या बाह्या

४ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी ह्यांनी छापखान्यातून आणली होती. बांधणीत ऑगस्ट महिना दोनदा आला म्हणून मालकांनी टाकून दिलेली. तेव्हापासून कपाटात पडून होती, कारण मी काय लिहिणार? आज काढली. जे झालंय ते सांगायला कोणी नाही.

दुपारी शिक्षण मंडळाचं पत्र आलं. पिल्लूच्या तपासणीचा निकाल. 'सदर मुलगी शिक्षणास अपात्र असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे. तिची जबाबदारी आरोग्यखात्याकडे वर्ग होत असून तिला ३१ मार्चपर्यंत निवासी संस्थेत दाखल करावे. अन्यथा खात्यामार्फत दाखल करण्यात येईल.'

'अन्यथा' हा शब्द मी दहा वेळा वाचला. पिल्लू खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती, म्हणून पत्र पदराखाली घेतलं.

पिल्लू आमची एकुलती एक. पुढच्या महिन्यात बारा पूर्ण होतील. जन्माच्या वेळी अडकली, श्वास उशिरा घेतला. तेव्हापासून हात, पाय, मान कोणी तिचं ऐकत नाही. हात इकडे न्यायला जाते, तो तिकडे जातो. बोलते, पण ते फक्त मला कळतं. डोक्यात किती पोचतं ते मला नक्की सांगता येणार नाही. आई असून असं लिहिते आहे, पण इथे खोटं लिहून काय करू?

तपासणी दहा मिनिटं चालली होती. डॉक्टरांनी टेबलावर लाकडी ठोकळे ठेवले आणि म्हणाले, "रांग लाव." पिल्लूने हात उचलला तो सगळ्यांवरून फिरला, ठोकळे खाली. डॉक्टर शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "शून्य लिहा." घरी येईपर्यंत ती एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती. भूक लागली असेल म्हणून आल्या आल्या दूध दिलं. तिने थुंकून टाकलं.

६ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना पत्र दाखवलं. हे आधीच मितभाषी, दोनदा वाचून पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

मी म्हटलं, "तिला काय सांगायचं? घाबरेल."

"तिला वाचायला दे," म्हणाले. ह्यांचं हे एक वेड आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात, रोजची खराब मुद्रितं घरी आणून तिच्यापुढे धरतात. एका फळीवर मोठी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या चिकटवून दिल्यात. ती डाव्या मुठीने एकेका अक्षरावर ठोकते आणि हे शब्द जुळवतात. रविवारी दोघं तासन्‌तास खेळत बसतात. बापलेकींचा खेळ, मी मध्ये पडत नाही. इतर दिवशी फळी कपाटावर ठेवते. एक शब्द व्हायला पाच मिनिटं लागतात, तिची मान दुखते, आणि मला तर तिच्या डोळ्यांवरूनच सगळं कळतं.

१० फेब्रुवारी, रविवार

संस्था बघून आलो. पिल्लूला शेजारच्या आजींकडे ठेवलं होतं. मनात म्हणत होते, कदाचित चांगली असेल. कदाचित आपणच उगाच भितो.

बाहेरून चांगलीच आहे. फुलांचे वाफे, पांढरी रेती. मेट्रन हसतमुख. दर्शनी खोलीत उंच फळीवर खेळणी मांडलेली, इतकी कोरी की किमतीच्या चिठ्ठ्या तशाच. मुलं मात्र एकही नाही. मी विचारलं, "बारा वर्षांच्या मुली कुठे असतात?" म्हणाल्या, "आत झोपल्यात." दुपारचे साडेतीन वाजले होते.

तेवढ्यात सफाईवाली बाई बादली घेऊन आतून आली आणि दार अर्धं उघडं राहिलं. मी पाहिलं. खाटेला खाट लागलेली, मधून माणूस आडवा होऊनच जाईल. फिनेलचा वास आणि त्याच्या खालचा दुसरा वास. मुली जाग्या होत्या. सगळ्यांच्या अंगात पांढरे झगे, आणि झग्यांच्या बाह्या पंज्यापाशी शिवून बंद केलेल्या. एकीने बाही दारावर आपटली. बोटं दिसत नव्हती, नुसती कापडाची गाठ.

मेट्रननी दार लोटून घेतलं. "स्वतःला ओरबाडतात हो," म्हणाल्या. आवाजात मायाच होती, तेच जास्त भीतीदायक.

पण मला त्याहून वाईट दिसलं होतं. त्या बाहीच्या टोकाला दोन उलटे टाके होते. मी रुग्णालयाच्या शिवणखात्यात अर्धा दिवस काम करते. चादरी, उशांचे अभ्रे आणि महिन्याला शंभरेक बंद बाह्यांचे झगे. आम्हाला सांगितलंय की ते तान्ह्या बाळांसाठी, नखं लागू नयेत म्हणून. एकदा मी मुकादमबाईंना विचारलं होतं, एवढे मोठे का? तर म्हणाल्या, "कापड धुतल्यावर आटतं." मी मान डोलावली होती. शिवणाच्या शेवटी दोन टाके उलटे मारायची सवय आमच्या खात्यात फक्त मला आहे.

येताना ह्यांना काहीच सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर झग्यांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. वाटलं, उठून जावं. उठले नाही. आठ शिवले.

१८ फेब्रुवारी, सोमवार

छापखान्याच्या मालकांनी एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. ह्यांना मी म्हटलं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." तरी गेलो. पिल्लूची चाकाची खुर्ची ह्यांनीच बाबागाडीची चाकं लावून बनवली आहे, ती ढकलत.

वकीलबाईंचं ऑफिस तळमजल्यावर, पूर्वीच्या किराणा दुकानात. बाई कुबड्या घेऊन उठल्या. पायांत लोखंडी पट्ट्या, वय माझ्याएवढंच. मी पायरीची म्हण त्यांनाही ऐकवली. म्हणाल्या, "शहाण्यांनी नाही चढायची. तुमच्या मुलीला मंडळाने अपात्र म्हणून लिहून दिलंय, मलाही लहानपणी दिलं होतं. आपल्याला मोकळीक आहे."

त्यांची आई त्यांना पाठीवर घेऊन शाळेत न्यायची. मास्तर वर्गात घेईनात, पायरीवर बसवायचे. दोन वर्षं त्या दारातून फळा बघून शिकल्या. "मला निदान तोंडाने उलट बोलता यायचं," म्हणाल्या, आणि पिल्लूकडे वळल्या. "तुला शाळेत जायचंय का?"

मी म्हटलं, "तिला खूप आवड आहे हो."

"मी तिला विचारलं."

पिल्लूच्या तोंडून आवाज निघाला, मान मागे गेली. मी सांगितलं, "दमलीय, घरी जायचं म्हणतेय."

ह्यांनी हळूच अक्षरांच्या फळीचं सांगितलं. बाईंनी विचारलं, कुठे आहे ती? मी म्हटलं, "घरी. कपाटावर."

"कपाटावर?" वकीलबाई म्हणाल्या. "चढते का ही कपाटावर?"

मला हसू आलं नाही. परक्या बाईने आल्या आल्या असं बोलावं? बारा वर्षं मी भरवलंय, पुसलंय, उचललंय. पिल्लू मात्र खदखदा हसत होती. तिला कुणाचंही बोलणं विनोदीच वाटतं.

अपील करायचं ठरलं. अपिलाचा नियम मंडळाच्या दाखल्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेला असतो म्हणे. वर्षाला शेकड्यांनी दाखले निघतात, पण बाईंच्या माहितीत अजून कोणी अपिलात गेलेलं नाही. म्हणजे पहिलं पाऊल आमचं. कुणी वाटेवरून गेलेलं असतं तर भीती कमी वाटली असती.

१ मार्च, शुक्रवार

आज ते आले.

दहाच्या सुमारास खाली गाडी थांबल्याचा आवाज. खिडकीतून पाहिलं तर करड्या रंगाची, आरोग्यखात्याची. एक आरोग्यसेविका आणि एक माणूस उतरले. माणसाच्या हातात घडी केलेली चादर होती. चादर कशाला, हा एकच विचार डोक्यात. पिल्लूला उचललं, मोरीत गेले, आतून कडी लावली आणि तिला मांडीत घेऊन भिंतीला टेकून बसले.

त्यांनी दार वाजवलं. थांबून पुन्हा वाजवलं. आरोग्यसेविका म्हणत होती, "आई, दार उघडा, नुसती भेट आहे." पिल्लू काहीतरी बोलायला लागली. मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिने मान झटकली, मी आणखी दाबला.

ती मला चावली. अंगठ्याखाली, रक्त येईपर्यंत. तरी मी हात काढला नाही.

ते गेल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. मग तिला खुर्चीत बसवलं, केस नीट केले. म्हटलं, "पिल्लू, अगं तुझ्यासाठीच ना?" तिने माझ्याकडे बघितलंच नाही. दुपारी घासही घेतला नाही. संध्याकाळी हे आल्यावर फळीकडे मान करून रडायला लागली. मी म्हटलं, आज नको, आधीच फार दमलीय.

एवढं कळत असतं, तर ती मला चावली असती का?

४ मार्च, सोमवार

वकीलबाईंना हात दाखवला. त्या रागावल्या नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "ताई, लपवायला लागलात तर त्यांचंच खरं होईल. पुढच्या वेळी दार उघडा, अपिलाचा कागद दाखवा. कागद असताना नेता येत नाही."

"आणि नेलं तर?"

"तर मी आहे. पळता येत नाही मला, पण आडवं पडता येतं."

मग काय झालं कोण जाणे, बाह्यांचं सगळं त्यांना सांगून टाकलं. ह्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पिल्लूनेही. तिला बाहेर ठेवायला हवं होतं, लक्षातच आलं नाही. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "एक झगा आणाल? सुनावणीत सांगाल हे?"

सांगितलं तर नोकरी जाणार. शिवाय लोक विचारतील, इतकी वर्षं शिवत होतीस तेव्हा कुठे होतं तुझं डोकं? बघते म्हणून उठले.

१२ मार्च, मंगळवार

झगा आणला. आयुष्यात कधी कुणाची सुई उचलली नाही. डब्याच्या पिशवीत तळाशी घातला, वर डबा. दारापाशी मुकादमबाई उभ्या. पिशवीतून पांढरा कोपरा बाहेर आलेला मला तेव्हाच दिसला आणि त्यांनाही.

त्या म्हणाल्या, "पिशवीचं तोंड नीट बांधा. पडेल काहीतरी." आणि वहीत डोकं घातलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

१९ मार्च, मंगळवार

उद्या सुनावणी. पिल्लूला काय घालायचं, मान सरळ राहावी म्हणून मागे उशी कुठली लावायची, लाळ पुसायला किती रुमाल, सगळं काढून ठेवलं. तिला बजावलं की उद्या अगदी शांत बसायचं, मी बोलेन. तिने डोळे मिटून घेतले. समजली असावी.



२० मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

लांब खोली, लांब टेबल. तिघं बसलेले. मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र लावलेले. एका बाजूला मंडळाचे तेच डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्या शाळेत जागा मागितली आहे. एका कडेला टंकलेखक.

आधी मला बोलावलं. झगा टेबलावर ठेवला आणि बाही पसरून दाखवली. मी सांगितलं, हा मी शिवला आहे. कुणासाठी ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही मी आठ शिवले. ही शेवटची गोष्ट सांगायची असं ठरलं नव्हतं. तोंडातून गेली. मुख्याध्यापिकांनी बाहीत हात घालून पाहिला आणि लगेच काढला. डॉक्टर म्हणाले, "या वस्तूचा मुलीच्या बुद्धीशी संबंध नाही." अध्यक्ष म्हणाले, "मग बुद्धीकडे वळू."

त्यांनी पिल्लूला नाव विचारलं. मी सांगितलं. वय विचारलं. मी सांगितलं. "तुला घरी बरं वाटतं का?" मी म्हटलं, "हो साहेब, घरी ती खूप खूश असते."

पिल्लू ओरडली. असं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पाय खुर्चीच्या पट्टीवर आपटले. मी घाईने म्हटलं, "घाबरलीय ती. गर्दीची सवय नाही."

डॉक्टर अध्यक्षांकडे बघून किंचित हसले. मला वाटलं, संपलं, आपण हरलो.

वकीलबाई उठल्या आणि फळी पिल्लूच्या मांडीवर ठेवली. ह्यांनी आणली होती, मला न सांगता. पिल्लूची मूठ वर गेली, भलतीकडे गेली, परत आली. आ. मग ई. वकीलबाई एकेक अक्षर मोठ्याने सांगत होत्या, टंकलेखक लिहीत होता. ल. काना. मला वाटलं, 'आईला सोडून जायचं नाही' म्हणणार. डोळ्यांत पाणी आलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी अध्यक्षांनी कागद मागून घेतला आणि वाचला.

"आईला बाहेर पाठवा."

कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पण तिची लाळ कोण पुसेल?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी पुसते."

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं पाऊण तास बसलो. हेही उठून माझ्याबरोबर आले होते. दारातून फक्त फळीवरची ठकठक ऐकू येत होती. मी ह्यांना म्हटलं, "माझं काय चुकलं?" ते म्हणाले, "काही नाही. तिला बोलायचंय."

आत काय झालं ते वकीलबाईंनी सांगितलं नाही. पिल्लूला विचारलं तर झोपेचं सोंग घेतलं.

२९ मार्च, शुक्रवार

निकाल आला. दोन दिवस उरले असताना. दाखला रद्द. कोपऱ्यावरच्या शाळेने तिला एका सत्रासाठी घ्यावं, मग पुन्हा बघू. निकाल फक्त पिल्लूपुरता आहे. संस्थेबद्दल एकच ओळ, 'झग्याची बाब संबंधित खात्याच्या निदर्शनास आणावी.' त्या दाराच्या आतल्या मुली तिथेच आहेत. वकीलबाई म्हणाल्या, पुढचा अर्ज त्याचाच. मला कामावरून काढलेलं नाही, पण झग्यांचं काम दुसरीकडे दिलं. कुणाकडे, ते सांगत नाहीत.

निकालाबरोबर पिल्लूच्या साक्षीची टंकलिखित प्रत होती. हे कामावर, पिल्लू झोपलेली. मी वाचली. काही भाग इथे उतरवून ठेवते.

डॉक्टर : मी दिलेले ठोकळे तुला का लावता आले नाहीत?
साक्षीदार : हात ऐकत नाही. ठोकळे सात होते. एक फुटका. घरी जाताना आईला सांगितलं. तिने दूध दिलं.
अध्यक्ष : वाचायला कुठे शिकलीस?
साक्षीदार : बाबांच्या मुद्रितांवर. चुका शोधते.
अध्यक्ष : संस्थेत जायचं नाही, असं का?
साक्षीदार : तिथे हात शिवतात. मी हातानेच बोलते.
अध्यक्ष : आईला बाहेर का पाठवलंस? तिची भीती वाटते?
साक्षीदार : नाही. मला शाळेची भीती वाटते. मुलं हसतील. आईसमोर म्हटलं तर ती पाठवणार नाही.
अध्यक्ष : मग तरी जायचंय?
साक्षीदार : हो. तिला सांगू नका.

बारा वर्षं मी तिच्या डोळ्यांवरून सगळं ओळखत होते. एवढं मात्र ओळखलं नाही.

प्रत घडी करून ठेवली. वाचली असं तिला सांगणार नाही. अंगठ्याखालचा वण अजून दुखतो.

८ एप्रिल, सोमवार

आज शाळेचा पहिला दिवस. कपडे घालताना तिचे पाय ताठ झाले होते. 'भीती वाटते का' हा प्रश्न अगदी ओठांवर आला, आणि गिळला. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं.

शाळेच्या फाटकात मुलांनी वाट करून दिली. एक मुलगा तिच्यासारखी मान करून चालून दाखवत होता, दुसरा हसला. मी खुर्ची वळवलीच होती. खरंच वळवली होती. पण तिने मूठ चाकावर आपटली, म्हणून सरळ केली.

वर्गशिक्षिका तरुण होत्या. मी काल चिठ्ठी पाठवून दारालगतची जागा मागितली होती, लवकर बाहेर काढता यावं म्हणून. त्यांनी ती जागा रिकामी करून ठेवली होती. पण मुख्याध्यापिकांनी सांगून ठेवलं असावं. वर्गशिक्षिका माझ्याकडे न बघता पिल्लूपुढे गुडघ्यावर बसल्या, फळी सरळ केली आणि विचारलं, "तुला कुठे बसायचंय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग भिंतीला टेकून उभी राहिले.

घंटा झाली. मुलं जागेवर बसली, चुळबुळ करू लागली, कुणीतरी खोकलं. मूठ दोनदा घसरली. बाईंनी घाई केली नाही, मधूनच रुमालाने तिची हनुवटी टिपली. शेवटी म झाला. मग ध. मग मात्रा.

"मधे," बाईंनी मोठ्याने वाचलं, आणि मुलं बाकं सरकवायला उठली.